डोळे उघडून मिळतील

शेवगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या काचेवर मी स्वतःच्या हाताने रंगवलेली एक ओळ बरीच वर्षं होती: 'डोळे उघडून मिळतील.' नवखा माणूस ती वाचून हसायचा. गावातला हसायचा नाही. ज्याच्या घरातलं कोणी गेलेलं असायचं, त्याला तिचा अर्थ बरोबर कळायचा.

घरोघर मोबाईल यायच्या आधी आमच्या भागात अशी कितीतरी माणसं होती, ज्यांचा जन्मभर एकही धड फोटो निघाला नव्हता. निम्मं वर्ष ऊसतोडीला, निम्मं शेतात. फोटो काढायला सवड कुणाला आणि हौस तरी कुणाला? माणूस गेला की मग घरच्यांना आठवण व्हायची. दहाव्याला फोटो लागतो, नाहीतर हार घालायचा कशाला? मोटरसायकलवर कोणीतरी मला न्यायला यायचं. मी पोचेपर्यंत तिरडी थांबवून ठेवलेली असायची. गेलेल्या माणसाचं तोंड पुसून, डोक्यावर टोपी ठेवून त्याला भिंतीला टेकवायचे, दोघं मागून दंड धरायचे आणि मी फोटो घ्यायचो. पुढचं काम दुकानात, कॉम्प्युटरवर. मागच्यांचे हात पुसायचे, अंगात कोट घालायचा, आणि डोळे उघडायचे.

कोट एकच होता, एका नवरदेवाच्या फोटोतून कापून घेतलेला. तालुक्यातली कितीतरी पुरुषमंडळी माझ्या त्याच कोटात स्वर्गाला गेली. डोळेसुद्धा एकच होते. ते माझ्या आईचे होते.

आता तुम्ही म्हणाल, काय हा अघोरीपणा. अहो, अघोरी कसला, आळस होता! मी पहिला डिजिटल कॅमेरा आणला तेव्हा आईला दुकानाच्या दारात स्टुलावर बसवून फोटो काढला होता. ती कॅमेऱ्याकडे बघेना, खाली बघायची, लाजायची. मी वैतागून म्हणालो, "अगं आई, कॅमेऱ्याकडं नको, माझ्याकडं बघ." तिने माझ्याकडे बघितलं. उजेड छान होता, नजर सरळ होती, बुबुळात कुठे चकाकी नाही. डोळ्याला बाई-पुरुष नसतं. जरा काजळाची रेघ पुसली, भोवती सुरकुत्या ओढल्या, की कुणालाही बसायचे.

पहिल्यांदा ते मी माझ्याच वडिलांना बसवले. वडील साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. फोटोग्राफरचा बाप, पण फोटो नाही, दिव्याखाली अंधार. जो काही धड होता त्यात फ्लॅशला डोळे मिटलेले. ते गेले, दहावा तोंडावर आला, आणि मी आईच्या फोटोतले डोळे उचलून त्यांच्या चेहऱ्यावर ठेवले. भाऊबंद म्हणाले, अगदी हुबेहूब. आईने फ्रेमवरून पदर फिरवला आणि ती चुलीकडे गेली. मला वाटलं, जमलं. मग पुढच्यालाही तेच बसवले, त्याच्या पुढच्यालाही.

भीती मला खूप उशिरा वाटली, आणि तीही भर दुपारी. पाथर्डी रस्त्याला एका वस्तीवर हळदीच्या शूटिंगला गेलो होतो. मांडवात गलका, आत घरात मात्र कोणी नव्हतं. बॅटरी चार्जिंगला लावायला म्हणून आत गेलो. भिंतीवर तीन फोटो ओळीने: म्हातारा, म्हातारी आणि त्यांचा मधला मुलगा. तिघांचंही काम माझंच. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी डावीकडे सरकलो, तरी बघत होते. आणि 'माझ्याकडं बघ' म्हणाल्यावर आईने जसं बघितलं होतं, नेमकं तसंच बघत होते. माझ्या हातातली वायर गळून पडली. तेवढ्यात घरातली एक बाई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आमचं म्हातारं कुठंबी हुबं ऱ्हावा, तुमच्याकडंच बघतं. जितं हुतं तवा लई खवीस हुतं, पर फोटूत कसं मायेनं बघतंय, न्हाई?" मी व्हय म्हणालो आणि पाणी न पिताच बाहेर आलो.

त्यानंतर कुठल्याही वस्तीवर गेलो की भिंतीकडे बघायचं टाळायला लागलो. पण मान वळवली तरी पाठीला कळायचं.

मग आईची नजर जायला लागली. आधी ती दाराच्या चौकटीला खांदा धडकवायची. मग ताटातलं मीठ तिला सापडेना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, उशीर झालाय, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकली तर बघू. औषधाचे थेंब लिहून दिले. मी सगळं नीट ऐकलं. मी शिकलेला माणूस आहे, लिंबू-मिरची दाराला बांधू देत नाही, अमावस्येला गाडी घेतलीय. पण परतताना एसटीत आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती, आणि माझ्या मनात एकच किडा वळवळत होता: आपण एकेकाचे डोळे उघडत गेलो आणि हिचे मिटत गेले. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये म्हणतात. मी तर जिवंत बाईचे डोळेच हारामागे टांगून आलो होतो, घरोघर.

तेव्हाच ठरवलं. आईचे डोळे परत आणायचे. ज्याला त्याला ज्याचे त्याचे डोळे द्यायचे आणि आईचे त्यातून काढून घ्यायचे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बायकोला म्हणालो, जुन्या फोटोंची कामं नव्याने करायचीत.

आता असं सॉफ्टवेअर निघालंय की मिटलेल्या पापण्या, भुवया, नाक बघून ते आतला डोळा अंदाजाने घडवतं. नखाएवढा फोटो असला तरी मोठा करून देतं. फक्त त्याला कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं काम ओढणारं दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि माझा कॉम्प्युटर म्हणजे लग्नाचे अल्बम ओढून ओढून दमलेला बैल. त्यात कार्ड होतं, पण नावाला. एका चेहऱ्यावर ते चहाचे दोन कप संपेपर्यंत बसायचं आणि शेवटी मेमरी पुरत नाही म्हणून तोंड फिरवायचं.

कुठलं कार्ड घ्यावं म्हणून आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. डोकं उठलं. एक म्हणतो, आठ जीबी मेमरीचं घ्या, वेगाला तोड नाही. दुसरा म्हणतो, आठ जीबी म्हणजे पैसे पाण्यात. तिसरा म्हणतो, तुमचा प्रोसेसरच जुना, कार्ड घेऊन काय उपयोग. अरे, आधी तुम्ही तुमचं ठरवा ना बाबांनो! आणि सगळे बोलत होते ते गेम खेळणाऱ्यांसाठी. माझं काम त्यांच्या कुणाच्याच यादीत नव्हतं.

शेवटी नगरला गेलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण बसमध्ये चढलं की तोंडाला नगरच येतं. तिथला कॉम्प्युटरवाला जुना ओळखीचा, शांत माणूस. मी कधी चढ्या आवाजात बोललो तरी तो हसतो, म्हणून मी त्याच्याकडेच जातो. त्याने विचारलं, "काका, काम नेमकं काय? गेम, व्हिडिओ, का डिझाइन?"

मी पटकन म्हणालो, "डोळे काढायचेत."

तो बघतच राहिला. मग मी सावरलो, जुने फोटो दुरुस्त करायचेत म्हणालो. त्याने काउंटरवर तीन खोकी मांडली. पहिलं कार्ड आठ जीबीचं, नवं, वेगवान, तीन पंख्यांचं. दुसरं बारा जीबीचं, जरा मागच्या पिढीचं, वेग कमी. तिसरं भारी होतं, पण वापरलेलं. कुणीतरी ते इंटरनेटवरच्या आभासी चलनाची नाणी खोदायला वर्षभर रात्रंदिवस जुंपलं होतं. ते अर्ध्यात मिळत होतं. मी हातात घेतलं तर पंख्यात राखेसारखी धूळ, आणि वास असा की मी ते लगेच खाली ठेवलं. म्हणालो, "नको. दुसऱ्याच्या अंगावरचं आता मला काही नको."

"मग आठ का बारा?" तो म्हणाला. "नुसते फोटो मोठे करायचे तर आठ पुरेल, झटपट होईल. पण सॉफ्टवेअरला तुमच्या स्वतःच्या फोटोंवर शिकवायचं असेल तर मेमरी लागते. आठवाल्याला ते झेपणार नाही. बारावालं सावकाश करील, पण करील. फोटो बाहेर कुठं पाठवायला नकोत, सगळं तुमच्या दुकानातच."

फोटो बाहेर जाणार नाहीत, एवढं ऐकूनच मी बारावर बोट ठेवलं. मग त्याने माझ्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय विचारला, तो पुरणार नव्हता, तोही बदलायला लावला. कॅबिनेटची लांबी विचारली. दुकानाची किल्ली ठेवली होती त्या शेजारच्या टेलरला मी फोन करून त्याच्या टेपने माप घ्यायला लावलं. तो बिचारा म्हणाला, "छाती किती ते सांगतो, पण हे कुणाला शिवायचंय?" हार्डडिस्कचा पिंजरा काढला तर कार्ड बसेल, असं निघालं. बस. मी खोकं मांडीवर घेऊन शेवगावला आलो, अगदी तान्ह्या बाळासारखं सांभाळत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसवलं. पंखे फिरले, स्क्रीन उजळली. मी त्याच्यापुढे माझं 'दहावा' नावाचं फोल्डर ठेवलं. त्यात माझ्या हातून तयार झालेले सगळे गेलेले लोक होते. म्हटलं, बघ बाबा, आमच्या भागातली माणसं अशी दिसतात, नीट शिकून घे. इथेच मी माती खाल्ली, पण तेव्हा कळलं नाही. दिवसभर कार्ड गरम श्वास टाकत बसलं होतं. टेबलाखाली पाय घातला की पोटरीला ती ऊब लागायची.

तिसऱ्या दिवशी भर उन्हाच्या वेळी ते शिकून तयार झालं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी एका गेलेल्या म्हाताऱ्याचा मूळ फोटो दिला, मिटल्या डोळ्यांचा. म्हाताऱ्याने डोळे उघडले. आईचे. दुसरा दिला. आईचे. एका बाईचा दिला. आईचे. म्हटलं, काहीतरी चुकतंय. कॅमेरा समोर ठेवला, डोळे मिटून माझा स्वतःचाच फोटो घेतला आणि दिला.

स्क्रीनवर माझा चेहरा वर आला. पांढरी दाढी, तुटलेली भुवई, सगळं माझं. आणि त्यातून आई माझ्याकडे बघत होती. मी खुर्ची मागे ढकलून उठलो तो थेट रस्त्यावर, अनवाणी. डांबर भाजत होतं तरी मला ते बरं वाटलं.

टेलरने विचारलं काय झालं. "शॉक बसला," म्हणालो.

डोकं जागेवर आल्यावर कळलं, यात भुताटकी काही नव्हती. मीच त्याला ते फोल्डर शिकवलं होतं. शेकडो चेहरे, डोळ्यांची जोडी एक. ते यंत्र बिचारं हेच शिकलं की माणसाला डोळे असतात ते असे. तरीही मी त्या खुर्चीत पुन्हा बसायला संध्याकाळ उजाडली. सगळं शिकवलेलं पुसून टाकलं आणि नव्याने जिवंत माणसांचे फोटो दिले: पासपोर्टचे, साखरपुड्याचे, शाळेच्या ग्रुपचे. यावेळी जो तो आपापले डोळे घेऊन उठला.

सुरुवात घरापासून करायची, हे आधीच ठरलेलं होतं. वडिलांचं कारखान्याचं ओळखपत्र ट्रंकेत होतं. त्यावर बोटाच्या पेराएवढा फोटो, त्यांचा एकमेव उघड्या डोळ्यांचा, तोही अर्धा शिक्क्याखाली गेलेला. पूर्वी तो मोठा केला की नुसते ठिपके दिसायचे. नव्या कार्डाने शिक्का उतरवला, ठिपके जुळवले, आणि हळूहळू वडील वर आले.

ते खरे होते. इतके खरे की मी नकळत मांडीवरचा पाय खाली घेतला. रोज शेकडो ट्रक आणि माणसं आत सोडायची की अडवायची ते ठरवणारी ती नजर घरीही तशीच यायची. ते मारायचे फार नाहीत, गरजच पडायची नाही. त्यांची सायकल अंगणात टेकली की आमचं बोलणं थांबायचं, आणि आईचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत खाली यायचा. पन्नाशी उलटलेल्या मी त्या स्क्रीनपुढे शर्टाचं वरचं बटण लावलं. खोटं कशाला सांगू?

पण काम चोख झालं होतं, आणि आईचे डोळे सुटले होते. दुपारी घरी गेलो. बायको माहेरी गेली होती. आई पुढच्या खोलीत खाटेवर बसून केसांना तेल लावत होती, उघड्या डोक्याने. आता तिला फक्त उजेड आणि सावली कळते. मी आवाज न करता फ्रेम उतरवली, आतला फोटो बदलला. फ्रेम तीच, खिळा तोच. आईला यातलं काहीही कळायचं कारण नव्हतं.

फ्रेम परत खिळ्यावर अडकवली आणि मागे सरलो.

आईचे हात केसांतच थांबले. तेलाची वाटी तिने चाचपडत बाजूला सारली. मग पदर उचलला, डोक्यावर घेतला, कपाळापर्यंत ओढला, आणि खाटेवरून उतरून ती खाली जमिनीवर बसली. वडील गेल्यापासून मी तिला डोक्यावर पदर घेतलेलं बघितलं नव्हतं.

"कोन आलंय?" तिने हळूच विचारलं.

"कोणी नाही, आई. मीच आहे."

"मंग बघतंय कोन?"

मी भिंतीकडे बघितलं. वडील तिच्याकडे बघत होते.

मला राहवलं नाही. मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फोटो, डोळे, वस्त्या, कार्ड, सगळं. रडलो. म्हणालो, "तुझे डोळे मी वाटून टाकले, आई, म्हणून तुझे गेले. ते परत घेतोय."

"यडं का खुळं तू," ती म्हणाली. "डोळं गेले ते रोगानं गेले. आन मला ठाऊक न्हवतं व्हय? पयल्या दिसापासून ठाऊक हुतं. आरशात जल्मभर बघितले की म्या ते. दुसऱ्यांच्या दहाव्यालाबी बघितले. म्हनलं, बघू दे, माझं काय जातंय."

"मग बोलली का नाहीस?"

ती भिंतीकडे तोंड न करता, खालच्या आवाजात, कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाली, "त्येंनी माझ्याकडं आसं कवाच बघितलं न्हाई रं. मेल्यावर बघाया लागले. मला बरं वाटत हुतं. त्योच लाव बाबा. ह्यो काढ."

मी उठलो. काच निघता निघेना. नवा फोटो काढला, जुना घातला, फ्रेम लावली. तो खरा फोटो दुकानातल्या कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. फाडायची हिंमत नाही, सरळ करायचीही नाही. काचेवरची ओळ मात्र मी खरवडून काढली. वस्त्यांवरचे फोटो आहेत तसेच राहू दिले, आणि ते कार्ड आता लग्नाचे व्हिडिओ करतं.

त्या दिवशी आई खाली बसूनच राहिली होती. पदर तसाच. मी म्हणालो, "लावला, आई."

"बघतोय का?"

"बघतोय."

"कसा?"

"तू माझ्याकडं बघतेस तसा."

तिने पदर मागे सारला, चाचपडत खाटेवर जाऊन बसली आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा केसांना तेल लावू लागली.